पडद्यावरचा धातू

मराठी भाषेला नकली धातूचा मोठा राग आहे. खोट्या माणसाला आपण ‘बेगडी’ म्हणतो, वरवरच्या सौजन्याला ‘मुलामा’ म्हणतो, कुणाचे ढोंग उघडकीस आले की त्याचे ‘पितळ उघडे पडते’, आणि जो कसोटीला उतरतो तो ‘बावनकशी’ ठरतो. वास्तविक बेगड म्हणजे मखराला, मुकुटाला, ताबुताला लावायचा चमकदार पातळ पत्रा, आणि मुलामा म्हणजे हलक्या धातूवर चढवलेला सोन्याचांदीचा थर. दोन्ही शब्द कारागिरीतले. पण कारागिराच्या हातून ते नीतीच्या बाजारात गेले आणि तिथे कायमचे बदनाम झाले. कल्हई आणि झिलई या शब्दांचीही थोडीफार तीच गत झाली.

या शब्दसंपत्तीवर पोसलेला वाचक संगणकाच्या पडद्यावर पोलादी पट्टी, पितळी खटका किंवा चकचकीत स्क्रू पाहतो तेव्हा त्याच्या मनात पहिला शब्द ‘बेगडी’ हाच येतो. आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक; चित्रकला वा संगणकशास्त्र हे आमचे क्षेत्र नव्हे. पण वास्तववाद शिकवताना ‘जसे आहे तसे दाखवणे’ या व्याख्येपाशी वर्ग दरवर्षी अडखळतो, आणि त्या अडखळण्यावर धातूच्या चित्राइतके चांगले उदाहरण आम्हाला दुसरे सापडलेले नाही. शिवाय या उदाहरणाचा एक महत्त्वाचा तुकडा कोल्हापुरातच घडलेला आहे. मराठीत नाटकाचाही पडदा असतो, सिनेमाचाही आणि संगणकाचाही. या तीन पडद्यांवर धातू कसा उतरला, आणि त्या धातूत कुणाचा भोवताल उमटला, एवढाच या लेखाचा विषय आहे.

आधी एका इटालियन ग्रंथाकडे जायला हवे. लिओन बाप्तिस्ता आल्बेर्ती याने 1435 च्या सुमारास चित्रकलेवर जो ग्रंथ लिहिला त्यात सोन्याविषयी एक परिच्छेद आहे. त्या काळी चित्रात सोने दाखवायचे तर खरा सोन्याचा वर्ख चिकटवण्याची पद्धत होती. आल्बेर्ती त्याला विरोध करतो. व्हर्जिलच्या महाकाव्यातली डायडो रंगवायची असेल, तिचा भाता सोन्याचा, केस सोन्याने बांधलेले, वस्त्राची चापही सोन्याची, तरीसुद्धा चित्रकाराने सोने वापरू नये, साध्या रंगांनीच सोन्याचे तेज उभे करावे, असे त्याचे म्हणणे. कारण दोन. रंगांनी सोने साधणाऱ्याचे कौतुक अधिक, हे एक. दुसरे कारण तांत्रिक आहे आणि आमच्या दृष्टीने तेच मोलाचे. सपाट फळीवर खरे सोने लावले की जिथे उजेड दिसायला हवा तिथे ते काळवंडते आणि जिथे छाया हवी तिथे चमकते. खरे सोने चित्रातल्या दिव्याचे ऐकत नाही. ते प्रेक्षक उभा असलेल्या खोलीतल्या दिव्याचे ऐकते.

म्हणजे चित्रात खरा धातू खोटा दिसतो आणि खोटा धातू खरा. ‘बेगडी’ या शब्दाचा सगळा हिशेबच इथे उलटा होतो.

अर्थात आल्बेर्तीचे मत हा काही विश्वनियम नव्हे. तंजावरच्या चित्रशैलीला भोसल्यांच्या मराठी दरबाराने जो आश्रय दिला, विशेषतः दुसऱ्या सरफोजींच्या 1798 ते 1832 या काळात ती जशी बहरली, तिथे खऱ्या सोन्याचा वर्ख उठावदार लेपावर बसवला जात होता आणि तोच तिचा प्राण होता. तिथे सोने हे सोन्याचे चित्र नव्हतेच. ते देवापुढे ठेवलेले प्रत्यक्ष सोने होते, आणि समईच्या उजेडात ते हलावे, लुकलुकावे हीच अपेक्षा होती. पुढे राजा रविवर्म्याने तैलरंगांत नेमका आल्बेर्तीचा मार्ग धरला. त्याच्या देवतांच्या अंगावरचे दागिने आणि जरीचे काठ हे पिवळी माती, तपकिरी आणि पांढरा यांचेच खेळ आहेत. 1894 मध्ये मुंबईत त्याचा छापखाना सुरू झाला, तसबिरी घरोघरी गेल्या, आणि मग भाविकांनी काय करावे? त्या छापील लक्ष्मी-सरस्वतींवर खरी जर, टिकल्या आणि मणी शिवले. चित्रकाराने मोठ्या कष्टाने वगळलेला धातू भक्तांनी परत आणून बसवला. या कृतीला अरसिकता म्हणण्याची घाई आम्ही करणार नाही. ती तंजावरची आठवण होती.

रंगांनी धातू साधतो म्हणजे नेमके काय होते? महाराष्ट्रातल्या ज्या विद्यार्थ्यांनी शाळेत असताना एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या रेखाकला परीक्षा दिल्या आहेत त्यांना हे ठाऊक असते, फक्त ते शब्दांत मांडलेले नसते. समोर पितळी तांब्या ठेवलेला असतो. नवखा मुलगा पिवळा रंग कालवतो आणि सगळा तांब्या सारखा पिवळा रंगवतो. कागदावर तयार होते ते हळदीने माखलेले मडके. जो विद्यार्थी नीट पाहतो त्याला दिसते की तांब्याच्या पोटावर पिवळा रंग फार थोडा आहे. एका बाजूला खिडकी वाकून आलेली आहे, तिचे गज मोजता येतात. तिला लागूनच जवळजवळ काळा पट्टा आहे. खाली टेबलावरच्या कापडाचा लाल रंग बुडाशी चढला आहे. काठाच्या कडेवर केसाएवढी पांढरी रेघ आहे. ती रेघ रंगवायची नसते, कागद कोरा सोडायचा असतो. शेजारी चिनी मातीची बरणी असेल तर आणखी एक भेद कळतो. बरणी कोणत्याही रंगाची असो, तिच्यावरचा चकाकीचा ठिपका पांढरा असतो. पितळेवरची चकाकी मात्र पितळेच्याच रंगात भिजून येते.

सारांश काढायचा तर धातू हा रंग नव्हे, तो शेजार आहे. अतिशय उजळ आणि अतिशय काळे एकमेकांना खेटून, मध्ये पायरी न ठेवता बसवले की डोळा ‘धातू’ असे वाचतो. आणि ते उजळ-काळे म्हणजे खिडकी, कापड, भिंत आणि रंगवणाऱ्याचा स्वतःचा वाकडातिकडा चेहरा. धातूचे चित्र हे त्याच्या भोवतालचे चित्र असते.

कोल्हापूर ही गोष्ट शिकायला सोयीचे गाव होते. गुजरीतली सोन्याचांदीची दुकाने, जवळच्या हुपरीची चांदी, आणि पुढे उद्यमनगर-शिरोलीच्या ओतशाळा, असा धातूशी या परिसराचा घरोबा आहे. बाबूराव कृष्णराव मेस्त्री 1890 मध्ये याच गावात, सुतारकाम, लोहारकाम, मूर्तिकाम असे सगळे जाणणाऱ्या घराण्यात जन्मले. आडनाव मेस्त्री, पण ते आणि त्यांचे बंधू आनंदराव नाटकमंडळ्यांचे पडदे रंगवू लागले आणि लोकांनी त्यांचे आडनाव ‘पेंटर’ करून टाकले. 1910 नंतरची पाच-सहा वर्षे हे दोघे संगीत रंगभूमीसाठी पडदे रंगवत होते. राजर्षी शाहू महाराजांनी बांधलेले पॅलेस थिएटर, म्हणजे नंतरचे केशवराव भोसले नाट्यगृह, 1915 मध्ये उभे राहिले ते याच काळात. (8 ऑगस्ट 2024 च्या रात्री त्याला आग लागली, तेव्हा कोल्हापूरकरांना घरचे माणूस गेल्यासारखे वाटले.)

दरबाराचा पडदा म्हटला की त्यावर झुंबरे, समया, कळस, सिंहासनाचा पत्रा असा धातूचा पसारा आलाच. पडद्याचा धातू जवळून पाहायचा नसतो. शेवटच्या रांगेतल्या माणसाला दिव्यांच्या पिवळट उजेडात तो पटला पाहिजे, आणि पडदा गुंडाळला-उलगडला तरी टिकला पाहिजे. बेगड लावावी तर आल्बेर्तीने सांगितलेला घोटाळा होतो, शिवाय गुंडाळताना तिला सुरकुत्या पडतात. म्हणून पडदे रंगवणारा काळ्या-तपकिरीच्या शेजारी पिवळट पांढऱ्याचा एकच फटकारा ओढतो आणि पुढे सरकतो. जवळ गेले की तो फटकारा नुसता फटकारा असतो. दूर गेले की समईचा दांडा.

मग पडदा बदलला. 1916 मध्ये आनंदराव गेले. सिनेमाच्या ध्यासाने पछाडलेल्या बाबूरावांनी कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली, विष्णुपंत दामल्यांच्या मदतीने लेथवर सुटे भाग कातून कॅमेरा घरीच तयार केला, आणि 1920 मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. ज्या हातांनी धातूचा आभास रंगवला त्याच हातांनी या वेळी प्रत्यक्ष धातू कातला. आणि काय गंमत पाहा, या खऱ्या धातूच्या यंत्राला सोने मात्र ओळखता येत नव्हते. त्या काळची फिल्म निळ्या प्रकाशाला संवेदनशील, तांबड्याला जवळजवळ आंधळी. पिवळा आणि तांबडा रंग तिच्यावर काळपट उमटे. म्हणजे सोन्याचा मुकुट आणि पितळी ढाल यांना पडद्यावर रंगाचा काहीच आधार उरत नव्हता. उरत होती ती फक्त कडेवरची लख्ख रेघ आणि तिच्या शेजारचा काळोख. पडदे रंगवताना जे फटकाऱ्याने साधले ते आता दिव्याच्या जागेने साधायचे होते. ‘सिंहगड’मध्ये 1923 साली बाबूरावांनी कृत्रिम प्रकाश वापरला, याचा उल्लेख सिनेमाच्या इतिहासात धाडसी प्रयोग म्हणून होतो, आम्हाला तो रंगवणाऱ्याच्या विचाराचा विस्तार वाटतो. रंगवलेल्या पडद्यांऐवजी लांबी-रुंदी-खोली असलेले देखावे उभारण्याचा त्यांचा आग्रहही याच विचारातून आलेला दिसतो. पुढे दामले, फत्तेलाल, शांताराम बाहेर पडले, 1929 मध्ये कोल्हापुरातच ‘प्रभात’ निघाली आणि 1933 मध्ये पुण्याला गेली, ही कथा सर्वांना ठाऊक आहे.

आता तिसरा पडदा.

संगणकावर धातू आणण्याचे दोन रस्ते होते आणि त्यांची गल्लत करू नये. पहिला शास्त्रज्ञांचा. बुई तुओंग फाँग याने 1975 मध्ये चकाकी मोजण्याचे जे सूत्र दिले त्याने संगणकावरची वस्तू गोल आणि चकचकीत दिसू लागली, पण ती प्लास्टिकची दिसे. 1976 मध्ये ब्लिन आणि न्यूवेल यांनी चहाच्या किटलीच्या आकृतीवर भोवतालच्या खोलीचे चित्र गुंडाळून पाहिले आणि किटली आरशासारखी झाली. 1981-82 मध्ये कुक आणि टॉरन्स यांनी प्लास्टिकपणाचे कारण सांगितले: धातूवरच्या चकाकीला धातूचाच रंग असतो, तो आजवरच्या सूत्रांत नव्हता. तांब्याच्या रंगाचे प्लास्टिक आणि खरे तांबे यांची फुलदाणी त्यांनी शेजारी शेजारी दाखवली. बरणी आणि तांब्या यांतला आपला तोच भेद! आठवीतल्या हुशार मुलाला जो दिसतो, तो गणितात उतरायला एवढी वर्षे लागली, हे सांगताना शास्त्राचा उपमर्द करण्याचा हेतू नाही. पाहणे आणि सिद्ध करणे या वेगळ्या गोष्टी आहेत इतकेच.

दुसरा रस्ता हाताने रंगवणाऱ्यांचा. प्रोग्रॅमची बटणे, पट्ट्या, आयकॉन ज्यांनी घडवले त्यांच्याकडे त्या काळी असे गणित चालवण्याइतका वेग नव्हता आणि गरजही नव्हती. त्यांच्यापुढे सपाट चौकट होती आणि हाताशी फोटोशॉप. नोल बंधूंचे हे सॉफ्टवेअर 1990 मध्ये बाजारात आले, 1994 च्या तिसऱ्या आवृत्तीत त्याला लेअर मिळाले, आणि 1998 च्या पाचव्या आवृत्तीत सावली टाकणे, कडा उचलणे हे परिणाम तयार मिळू लागले. या मंडळींचा वंश ब्लिनकडून नव्हे, पडदे रंगवणाऱ्यांकडून येतो.

त्यांची कृती वर्णन करण्याजोगी आहे. खरवडलेल्या पोलादाची पट्टी हवी असेल तर राखाडी चौकोन घ्यायचा, त्यावर ‘नॉईज’ म्हणजे वाळू पसरल्यासारखे ठिपके टाकायचे आणि ‘मोशन ब्लर’ने ते आडवे ओढायचे. ठिपक्यांच्या रेघा होतात आणि कानशीने घासल्याचा भास होतो. गोल खटका हवा असेल तर आडव्या रेघांऐवजी गोलाकार रेघा, आणि वर केंद्रातून निघणारे पाचर-पाचर उजळ आणि काळे ग्रेडियंट. स्टीलच्या नव्या डब्याच्या झाकणावर जी फिरती पात्यांसारखी चमक दिसते ती हीच. मग वरच्या कडेला एक पिक्सेल पांढरी रेघ, खालच्या कडेला एक पिक्सेल काळी. प्रकाश वरून किंवा वर-डावीकडून, हा संकेत. तो मोडला की उठावाचे बटण खळग्यासारखे दिसते. चार कोपऱ्यांत चार स्क्रू, आणि त्यांच्या खाचा वेगवेगळ्या कोनांत, कारण खरे स्क्रू कधी एका रेषेत थांबत नाहीत. पहिल्या आयफोनचा आयकॉन अवघा 57 पिक्सेल लांब-रुंद होता. एवढ्या जागेत एक पिक्सेलची पांढरी रेघ म्हणजे शेवटच्या रांगेतून दिसणारा समईचा दांडाच.

हे स्क्रू काहीच आवळत नव्हते. रोलाँ बार्थने 1968 मध्ये ‘वास्तवाचा परिणाम’ म्हणून जे सांगितले ते वर्गात समजावताना आम्ही फ्लोबेरच्या कथेतला भिंतीवरचा बॅरोमीटर सांगत असू. कथानकाला त्याचा उपयोग नाही, आणि तो निरुपयोगी आहे म्हणूनच तो ‘हे खरे आहे’ असे म्हणतो. संगणकावरचा स्क्रू विद्यार्थ्यांना लवकर पटतो.

या धातूने एक काळ गाजवला. 1997 मध्ये आलेल्या विनअॅम्पला पुढे हौशी लोकांनी हजारो कातड्या चढवल्या, त्यांत पोलादी कातड्यांची रेलचेल होती. 1999 च्या क्विकटाइम प्लेअरने खरवडलेल्या धातूची चौकट आणली आणि तिच्यात आवाजासाठी अंगठ्याने फिरवायचे एक दातेरी चाक दिले. माउसने चाक फिरवणे हा छळ होता आणि त्यावर तेव्हाच सडकून टीका झाली. ती टीका योग्य होती. चाकाचे रूप घेतले म्हणजे चाकाचा गुण येत नाही. मॅकच्या खिडक्यांवरचा तो खरवडलेला पत्रा 2007 पर्यंत टिकला.

अशा उसन्या रूपाला इंग्रजीत ‘स्क्यूओमॉर्फ’ म्हणतात. हा शब्द 1889 मध्ये हेन्री कॉली मार्च याने घडवला. महाराष्ट्रातल्या वाचकाला त्यासाठी दूर जायला नको. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या छताला लाकडी कमानी प्रत्यक्ष बसवलेल्या आहेत. अजिंठ्याच्या एकोणीस आणि सव्वीस क्रमांकांच्या लेण्यांत त्याच कमानी दगडात कोरल्या आहेत. डोंगराला वाशांची गरज नसते. तरी शिल्पींनी ते कोरले, आणि त्यांना कुणी बेगडी म्हटले नाही.

आपल्या अलंकारशास्त्राने या बाबतीत इंग्रजी शब्दापेक्षा बारीक कातरकाम केले आहे. उपमेयाला चुकून उपमानच समजणे हा भ्रांतिमान. ‘जणू तेच’ अशी संभावना करणे ही उत्प्रेक्षा. पडद्यावरचे पोलादी बटण दाबणारा कुणीही ते पोलाद आहे अशा भ्रमात नसतो. त्याला थंड लागत नाही, वजन जाणवत नाही. तो ‘जणू’ स्वीकारतो आणि दाबतो. तेव्हा हा फसवणुकीचा मामला नव्हे, उत्प्रेक्षेचा आहे. आणि ‘बेगडी’ हे विशेषण भ्रांतिमानाला लागू पडले तरी उत्प्रेक्षेला पडत नाही. रंगवलेल्या धातूवरचा नैतिक आक्षेप आम्हाला इथेच संपलेला दिसतो.

सौंदर्याचा आक्षेप मात्र उरतो, आणि तो आमच्या मते खरा आहे. तांब्याच्या पोटात खिडकी होती. फोटोशॉपच्या खटक्यात काय आहे? ग्रेडियंट. त्या उजळ-काळ्या पट्ट्या कोणत्याही खोलीच्या नाहीत. आरशासारख्या क्रोमचा जो प्रसिद्ध नमुना आहे, वर निळ्यातून पांढरे होत जाणारे आकाश, मध्ये काळी तुटक क्षितिजरेषा, खाली तपकिरी जमीन, तो 1970-80 च्या दशकांतल्या अमेरिकी एअरब्रश चित्रकारांकडून रूढ झाला. वाळवंटातल्या रस्त्यावर उभ्या मोटारीच्या बंपरमध्ये जे दिसेल ते हे दृश्य. एकदा ते तयार नमुना म्हणून साठवले गेले की जगभरच्या बटणांत तेच वाळवंट दिसू लागले. ते कशाचे प्रतिबिंब आहे हे वापरणाऱ्याला माहीतही नसे. साहित्यात आपण याला ‘ठोकळेबाज वर्णन’ म्हणतो: पाहिलेले नव्हे, वाचलेले चांदणे.

खोट्या धातूत नेहमीच नवेपणा असतो, हीसुद्धा त्याची एक खूण. कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात ब्रह्मपुरीला सापडलेली रोमन पोसायडनची कांस्यमूर्ती आहे. खरे कांस्य शतकानुशतके मातीत राहिले की ते चमकत नाही. पडद्यावरच्या कांस्याला हे वय कधी येत नाही.

2012 च्या आयफोनवर, गाणी ऐकण्याच्या प्रोग्रॅममध्ये, आवाजाच्या पट्टीवरची धातूची गोटी फोन कलता केला की तिची चमक फिरवी. फार देखणी करामत होती. पण चमक फिरे ती हाताच्या हालचालीने. तुमच्या खोलीतली खिडकी तिच्यात येत नसे. पुढच्याच वर्षी, 2013 मध्ये, अॅपलने हा सगळा साज उतरवला. मायक्रोसॉफ्टने विंडोज आठमध्ये तो आधीच उतरवला होता. सपाट रंग, बारीक रेषा, ना स्क्रू ना कडा. आता लोकांना बटण कसे असते हे शिकवायची गरज उरली नाही, असे कारण दिले गेले. मग 2025 मध्ये अॅपलने काचेचा साज आणला. ही काच तिच्या खालून सरकणाऱ्या अक्षरांना आणि चित्रांना वाकवते, त्यांचे रंग पिते. वाचायला ती त्रासदायक आहे ही तक्रार आहेच. तथापि निदान ती कुठल्या तरी भोवतालाचे काही सांगते, जरी तो भोवताल पडद्याच्या आतलाच असला.

या सगळ्या साधेपणाच्या लाटेने कोल्हापूरच्या चौकांतल्या फ्लेक्सला मात्र स्पर्श केला नाही. तिथे 2000 नंतर सोन्याची अक्षरे आली ती राहिलीच. वाढदिवस, निवड, शिवजयंती, गणेशोत्सव, सर्वत्र तेच पिवळे-तपकिरी-पांढरे ग्रेडियंट, तीच काळी क्षितिजरेषा. ब्रशने पाट्या रंगवणाऱ्या पेंटरांचे काम या फ्लेक्सने हिरावले, आणि बाबूरावांच्या गावात ‘पेंटर’ हे नाव मागे पडले. हे नुकसान लहान नाही. पाटी रंगवणारा अक्षराला सोनेरी कड देताना समोरच्या रस्त्यावर ऊन कुठून येते ते पाहत असे आणि सावली त्या बाजूने टाकत असे. छापील फ्लेक्सवर प्रकाश वर-डावीकडूनच येतो, मग भिंत उत्तरेला असो की पश्चिमेला.

तरीही फ्लेक्सच्या दुकानात बसलेल्या मुलाने काहीच पाहिले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्याच्यापुढे एक अडचण होती जी परदेशी पाठांत कुठेच नव्हती: देवनागरी. युनिकोडपूर्वीच्या डीटीपी फॉन्टमध्ये अक्षर तुकड्यांनी बनते. काना वेगळा, वेलांटी वेगळी, अर्धा वर्ण वेगळा, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर शिरोरेषेचा आपापला तुकडा. कोरलड्रॉमध्ये अशा शब्दाला सोने भरले तर ते तुकड्या-तुकड्याला वेगळे भरते. वेलांटी उंच असल्यामुळे तिची क्षितिजरेषा वर जाते, उकाराची खाली येते; शिरोरेषेवर जिथे दोन तुकडे एकमेकांवर चढलेले असतात तिथे कडेची काळी रेघ मध्येच उभी राहते आणि सोन्याची लगड करवतीने कापल्यासारखी दिसते. कड उचलण्याचा परिणाम दिला तर आणखी पंचाईत. जाड उभ्या दांड्याला उंच कणा मिळतो, बारीक वळणाला ठेंगणा, आणि ‘कृ’च्या पोटातली फट बुजून जाते.

म्हणून इथल्या दुकानांत हळूहळू एक रीत बसली. शब्द टाइप झाला की त्याचे वक्र करायचे, सगळे तुकडे एकत्र वितळवायचे, ज्याला ते ‘वेल्ड’ म्हणतात, धातूकामातलाच शब्द, आणि शिरोरेषा एकसंध पट्टी झाली की मगच रंगाला हात घालायचा. काही जण शिरोरेषेला खालच्या अक्षरांपेक्षा वेगळे, अधिक उजळ सोने देतात, कारण छपराच्या पन्हाळीसारखा पहिला उजेड तिच्यावरच पडणार. हे त्यांना कुणी शिकवले असे दिसत नाही. अक्षराच्या पोटात आकाश मात्र अजून त्या मोटारीच्या बंपरमधलेच आहे.